धरण किती हललं ते कळलं, पण कशामुळे?

काँक्रीटचं धरण हलतं. जलाशय भरला की माथा खालच्या बाजूला, म्हणजे नदी पुढे वाहते तिकडे झुकतो, पाणी उतरलं की मागे येतो. उंच गुरुत्व धरणातही, म्हणजे स्वतःच्या वजनावर पाणी अडवणाऱ्या धरणातही, हे सगळं काही मिलिमीटरांचं. मी एमटेकला हाच विषय घेतला तेव्हा वाटलं होतं, आकडे आहेत, पायथन येतं, दोन महिन्यांत प्रकल्प संपेल. पुढे दीड वर्ष गेलं. या क्षेत्रात येणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे, कारण मी जिथे अडकले तिथेच बहुतेक जण अडकतात.

आधी आकडे येतात कुठून ते बघा. धरणाच्या पोटात गॅलरी असते. पायऱ्या ओल्या, भिंतीला पांढरा चुना ओघळलेला, मे महिन्यातही गारवा. तिथे वरून एक तार सोडलेली असते, खाली वजन, आणि ते वजन तेलाच्या डब्यात बुडवलेलं, म्हणजे डुलत नाही. हा साधा लंबक. उलट्या लंबकात तार खाली खडकात खोल पक्की केलेली असते आणि वर तरंगता फ्लोट तिला ताणून धरतो. तारेची जागा मोजायची आणि रजिस्टरमध्ये लिहायची. शिवाय धरणाच्या ब्लॉकांमधल्या सांध्यांवरचे मीटर, काँक्रीटमधले तापमापक, पायाखालचा उत्थापन दाब (पाणी धरणाला खालून वर उचलू बघतं तो), आणि गळती मोजायला व्ही आकाराची खाच.

यातून भाकीत करायची जुनी आणि अजूनही उत्तम पद्धत म्हणजे एचएसटी, म्हणजे हायड्रोस्टॅटिक-सीझन-टाइम. फ्रान्समध्ये 1960 च्या दशकात ती रुळली. विस्थापनाचे, म्हणजे धरण जितकं हललं त्याचे, तीन वाटे करायचे: पाण्याच्या पातळीमुळे, ऋतूमुळे, काळामुळे. पातळीचे चौथ्या घातापर्यंतचे पद, ऋतूसाठी वर्षाची साइन-कोसाइन, काळासाठी हळूहळू वाढणारं एखादं पद. साधं रिग्रेशन, म्हणजे आकड्यांवर समीकरण बसवणं, एक्सेलमध्येही जमतं. पहिले दोन वाटे येतात-जातात. तिसरा परत येत नाही, म्हणून सगळ्यांचा डोळा त्याच्यावर.

माझ्या पहिल्या मॉडेलमध्ये हा तिसरा वाटा दीड मिलिमीटर निघाला. मी स्लाइडवर ठळक अक्षरात ‘कायमस्वरूपी सरकण’ असं लिहून टाकलं. सुदैवाने सादरीकरणाआधी धरणावर जायचं ठरलं. तिथे वर्षानुवर्षं रीडिंग घेणारे एक मामा होते. आलेख बघून ते म्हणाले, “अहो मॅडम, तार बदलली होती की तवा.” मूळ रजिस्टर काढलं. शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलेलं: तार बदलली, शून्य नवीन. एक्सेलमध्ये आकडे भरणाऱ्याने तो रकाना घेतलाच नव्हता. तार बदलल्याने आकड्यांत आलेली ती उडी काढल्यावर काळाचा वाटा जवळपास सपाट झाला. म्हणून पहिलं काम मॉडेलचं नाही, रजिस्टरच्या शेऱ्यांचं.

मग मी रँडम फॉरेस्ट हे मशीन लर्निंगचं मॉडेल लावलं आणि अचूकता बघून हुरळून गेले. चूक अशी होती की चाचणीसाठी दिवस मी मधूनमधून उचलले होते. कालचं आणि उद्याचं रीडिंग मॉडेलला माहीत असेल तर आजचं कुणीही सांगेल. अख्खी दोन वर्षं बाजूला ठेवून तपासलं तेव्हा सगळा तोरा उतरला. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. असं मॉडेल पाहिलेल्या आकड्यांच्या पलीकडे जात नाही. पुरात पातळी आजवरच्या नोंदींच्या वर गेली तर ते जुन्याच कमाल आकड्याशी थांबतं, आणि खरी गरज तर त्याच दिवशी असते.

आता खरी गोम. आपल्याकडे जलाशय पावसाळ्यात भरतो, हिवाळाभर बऱ्यापैकी वर राहतो, मे अखेरीला तळ गाठतो. थंडीत खालच्या बाजूचं काँक्रीट आकसतं आणि माथा खालच्या बाजूला झुकतो, उन्हाळ्यात ते फुगतं आणि माथा पाण्याच्या बाजूला जातो. म्हणजे पाणी आणि तापमान एकाच वेळी एकाच दिशेला ढकलतात. मॉडेल दोघांचं श्रेय कसंही वाटून भाकीत अचूक देऊ शकतं, पण दिलेलं स्पष्टीकरण साफ चुकीचं असू शकतं. कोणत्या घटकाचा भाकितात किती वाटा ते सांगणारी शॅपसारखी साधनं रंगीत आलेख देतात, पण एकमेकांशी बांधलेल्या दोन रकान्यांमध्ये त्यांनी केलेली वाटणी मी तरी डोळे मिटून मानत नाही.

उपाय मिळाला तो दुष्काळात. 2015 ला पाऊस कमी झाला, जलाशय नेहमीसारखा भरला नाही, थंडी मात्र नेहमीसारखी पडली. त्या जानेवारीत माथा किती झुकला ते बघा. त्यातला मोठा हिस्सा तापमानाचा. शिवाय उष्णता काँक्रीटमध्ये सावकाश शिरते. वर्षभरातला तापमानाचा चढउतार तीन मीटर आत पोचायला साधारण दोन महिने उशीर होतो. त्यामुळे आजचं हवेचं तापमान घालण्यात अर्थ नाही, मागच्या काही आठवड्यांची सरासरी घाला.

भौतिकी सोडू नका, एवढं मात्र सांगते. कोयनेचं उदाहरण प्रत्येकाने एकदा करावं. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात 103 मीटर उंच कोयना धरणाच्या सांडव्याबाहेरच्या उंच ब्लॉकना तडे गेले, ते खालच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो त्या पातळीच्या आसपास. भूकंपाची नोंद धरणातच झाल्यामुळे जगभरचे विद्यार्थी आजही हेच धरण संगणकावर हलवून बघतात. ताण कुठे साचतो हे एकदा दिसलं की लंबक कोणत्या उंचीवर वाचायचा हे आपोआप सुचतं.

नोकरीचं म्हणाल तर 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यानंतर उपकरणं बसवणं आणि नोंदी ठेवणं ही धरणमालकाची जबाबदारी झाली आहे. आयआयटी रुडकीत धरण सुरक्षेवर एमटेक आहे. नाशिकची मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि खडकवासल्याचं जल संशोधन केंद्र यांच्या कामाकडे लक्ष ठेवा. सल्लागार कंपन्यांना कोड लिहिणारे बरेच मिळतात. गॅलरीत उतरायला तयार असणारे कमी.

एखाद्या दिवशी मोजलेला आणि भाकिताचा आकडा जुळला नाही तर लगेच ईमेल पाठवू नका. शेजारच्या ब्लॉकचा लंबक बघा, सांध्याचा मीटर बघा, गळती वाढली का, दाब चढला का. सगळे एकाच दिशेने बोलत असतील तर वरिष्ठांना रात्री उठवायलाही हरकत नाही. एकच उपकरण वेगळं बोलत असेल तर आधी तारेला काही घासतंय का ते बॅटरी मारून बघा. आमच्या मामांना एकदा तिथे कोळ्याचं जाळं सापडलं होतं.