हप्त्यावर मोबाईल घेताय? या चुका टाळा

दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचा चुकारा हातात पडतो आणि तालुक्याच्या गावातली मोबाईलची दुकानं गजबजतात. काउंटरच्या एका टोकाला फायनान्सवाला पोरगा टॅब घेऊन बसलेला असतो. आधार, पॅन, पासबुक, दोन-तीन ओटीपी, आणि चहा संपेपर्यंत फोन हातात येतो. फोन घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. ई-पीक पाहणी, पीएम किसानची केवायसी, बाजार समितीचे भाव, पोरांचा अभ्यास, सगळंच आता फोनवर आहे. पण हप्ता दर महिन्याला येतो आणि कास्तकाराचा पैसा दर महिन्याला येत नाही. आपल्या विदर्भातले मोबाईलचे हप्ते थकतात ते बहुतेक याच कारणानं. त्यामुळे पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूकही तीच.

दिवाळीचा खिसा पाहून पावसाळ्याचा हप्ता ठरवणं

वर्षाचा हिशोब मांडून पाहा. ऑक्टोबरात सोयाबीन, नोव्हेंबरपासून कापसाचे वेचे, जानेवारी-फेब्रुवारीत तूर. मार्चअखेर पीककर्ज नवंजुनं करायचं. जूनमध्ये बियाणं-खत, जुलै-ऑगस्टमध्ये निंदण आणि फवारणी. जून ते सप्टेंबर पैसा फक्त जातो, येत नाही. आता दिवाळीत घेतलेल्या फोनचे बारा हप्ते या वर्षावर ठेवा. पहिले पाच-सहा सहज जातात. उरलेले नेमके पेरणीत आणि फवारणीत येतात, आणि बाउन्स होतात तेही याच महिन्यांतले.

उपाय सोपा आहे. दिवाळीत घेत असाल तर सहा हप्त्यांची मुदत मागा, म्हणजे मे महिन्यात मोकळे व्हाल. हप्ता मोठा वाटत असेल तर डाऊन पेमेंट वाढवा. तेही जमत नसेल तर तो फोन यंदा आपल्या बजेटात नाही, खालचं मॉडेल पाहा. वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याचा आंबिया बहार घेणाऱ्या बागायतदाराचं गणित थोडं वेगळं बसेल. भंडारा-गोंदियातल्या धानवाल्यानं तर खरेदी केंद्राचे पैसे उशिरा येतात हे धरूनच तारीख ठरवावी.

याच चुकीचा नवा प्रकार काउंटरवर ऐकू येतो: "काका, लाडक्या बहिणीचे पंधराशे येतेच ना घरात, त्यातच बसते हप्ता." हे ऐकून होकार देऊ नका. योजनेचे पैसे कधी महिन्याच्या सुरुवातीला येतात, कधी लांबतात. हप्ता कापायची तारीख मात्र ठरलेली असते. त्या दिवशी खात्यात पैसे नसले तर बँक वेगळा दंड लावते आणि फायनान्स कंपनी वेगळा. म्हणून पीएम किसान, नमो शेतकरी किंवा लाडकी बहीण ज्या खात्यात जमा होतं, ते खातं हप्त्याच्या ऑटो-डेबिटला शक्यतो जोडूच नका. आलेले दोन हजार आधी बाउन्सच्या दंडातच वळते झाले, असं व्हायला नको.

हप्ता किती ते विचारणं, एकूण किती ते न विचारणं

समजा फोनची स्कीमची किंमत १८,००० रुपये आहे. योजना '१२/४' ची, म्हणजे दीड हजाराचे बारा हप्ते, त्यातले चार आजच भरायचे. आज ६,००० आणि वर फाईल चार्ज, म्हणजे प्रक्रिया शुल्क, ७००. उरलेले ८ हप्ते दर महिन्याला. व्याज शून्य, असं सांगितलं जातं.

आता त्याच दुकानात विचारा, "नगदी घेतला त किती?" समजा उत्तर आलं १६,८००. मग खरा हिशोब असा होतो: नगदी किंमत १६,८००, त्यातले तुम्ही आज ६,७०० दिले, म्हणजे प्रत्यक्षात उधार घेतले १०,१००. आणि परत करणार १२,०००, आठ महिन्यांत. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं हे धरून या उधारीचा दर काढला तर तो महिन्याला ४ टक्के निघतो, वर्षाला ४८. गावातल्या सावकाराच्या भाषेत शेकडा चार. एवढ्या दरानं सावकाराकडून पैसे उचलताना आपण दहादा विचार करतो, आणि दुकानात मात्र हसत ओटीपी सांगून मोकळे होतो.

व्याजाला हात न लावता हे झालं कसं? नगदीची १,२०० ची सूट हप्त्यावाल्याला मिळाली नाही आणि वर ७०० फाईल चार्ज लागला. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट मुळात नसतेच. व्याज प्रक्रिया शुल्कात किंवा किमतीत लपवलेलं असतं. आपल्याकडं शून्य टक्के म्हटलं की डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना डोळ्यासमोर येते. तिथं तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर खरंच शून्य टक्के पडतं, कारण ते व्याज शासन भरतं. फोनच्या स्कीममध्ये शासन नाही. व्याज मोबाईल कंपनी भरते, दुकानदार भरतो, नाहीतर तुम्ही भरता. नगदी भाव विचारला की कोण भरतंय ते लगेच कळतं. नगदी आणि हप्त्याची किंमत खरोखर सारखी निघाली आणि फाईल चार्जही नसला, तर ती स्कीम बिनधास्त घ्या. अशा स्कीम असतात, विशेषतः कंपनीला जुना माल काढायचा असतो तेव्हा.

क्रेडिट कार्डावरच्या 'नो कॉस्ट' हप्त्यात आणखी एक गोष्ट येते. व्याजाइतकी सूट किमतीत दिली तरी त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो तुमच्या बिलात दिसतो.

दुकानात दोनच प्रश्न मोठ्यानं विचारा: "मले सप्पा मिळून किती द्या लागन?" आणि "यात विमा किती हाय?" स्क्रीनचा विमा, कर्जाचा विमा, वाढीव वॉरंटी हे बरेचदा न विचारता फाईलमध्ये घुसवलेलं असतं आणि हप्ता शे-सव्वाशेनं फुगतो. नको असेल तर सही करण्याआधीच काढायला लावा, नंतर काढणं अवघड जातं.

कंपनीची स्कीम आणि सिमवाल्याची स्कीम एकाच मापानं मोजणं

यूट्यूबवर अमेरिकेतल्या योजनांचे व्हिडिओ पाहून काही जण दुकानात येतात. तिथं ॲपलच्या अपग्रेड योजनेत २४ हप्ते असतात आणि १२ भरले की जुना फोन देऊन नवा घेता येतो. तिथल्या सिम कंपन्या फोनची किंमत दोन-तीन वर्षं दर महिन्याच्या बिलातून वजा करत जातात. मध्येच कंपनी सोडली की उरलेली सूट बुडते. आपल्याकडं बहुतेकांचं सिम प्रीपेड. बिलच नाही, तर बिलातून वजावट कुठली होणार? इथं फोन एकीकडून येतो आणि रिचार्ज दुसरीकडून. म्हणून दोन्हींचा खर्च वेगळा करूनच तुलना करावी लागते.

दोन जुनी उदाहरणं घेतो, कारण त्यांचे आकडे जाहीर आहेत आणि अशा योजना पुन्हा वेगळ्या नावानं येतात. २०२१ च्या दिवाळीत जिओफोन नेक्स्ट आला. नगदी किंमत ६,४९९. हप्त्यानं घ्यायचा तर १,९९९ रुपये आणि ५०१ प्रक्रिया शुल्क, मग सगळ्यात लहान योजनेत ३०० रुपयांचे २४ हप्ते. एकूण ९,७००. पण त्या हप्त्यात महिन्याला ५ जीबी डेटा आणि १०० मिनिटं बोलणं धरलेलं होतं. नगदीपेक्षा जास्तीचे ३,२०१ रुपये २४ महिन्यांवर वाटले तर महिन्याला १३३ पडतात. ज्याला व्हॉट्सॲप आणि अधूनमधून फोन एवढंच हवं, त्याला हा सौदा वाईट नव्हता. पण मुलगी नागपूरला शिकते आणि घरून रोज फोन जातो, अशा घरात १०० मिनिटं आठवड्यातच संपतात. मग वरून वेगळा रिचार्ज आला आणि गणित बिघडलं.

दुसरी एअरटेलची, तीही २०२१ ची. साधारण १२,००० पर्यंतच्या ठरावीक फोनवर ६,००० रुपये परत. ऐकायला निम्मी किंमत. अट अशी की २४९ किंवा त्यावरचं रिचार्ज सलग ३६ महिने करायचं. १८ महिन्यांनी २,००० मिळणार, उरलेले ४,००० छत्तीस महिन्यांनी. महिन्याला एकच रिचार्ज धरलं तरी ८,९६४ रुपये रिचार्जला गेले. ज्याचं रिचार्ज तसंही दर महिन्याला होतं, त्याला ६,००० चा खरा फायदा. पण आपल्याकडं पेरणीच्या दिवसांत दहा-पंधरा दिवस फोन नुसता इनकमिंगवर ठेवणारी कितीतरी घरं आहेत. त्यांच्यासाठी 'सलग' या एका अटीवरच सगळी सूट अडते.

सिमवाल्याची कोणतीही योजना घेण्याआधी त्याच कंपनीची रेंज तुमच्या घरात आणि शेतात नीट येते का ते आधी तपासा. धारणी-चिखलदऱ्यात किंवा भामरागड-एटापल्लीकडं हे सांगायलाच नको. शेजाऱ्याचं सिम आपल्या फोनमध्ये टाकून एक दिवस वापरलं तरी कळतं.

'खात्रीशीर बायबॅक' ऐकून महाग फोन उचलणं

वर्षभरानं अर्धी किंमत परत, असं सांगून महाग मॉडेल विकलं जातं. त्यातल्या अटी पाहा. बायबॅकसाठी बरेचदा आधीच वेगळे पैसे भरावे लागतात. परत करायची मुदत ठरावीक असते, ती चुकली की हक्क गेला. स्क्रीनला तडा नको, बिल त्याच नावाचं हवं. आणि मिळणारी रक्कम बहुधा हातात पडत नाही, नव्या फोनच्या किमतीतून वजा होते. फोन शेतात, मोटरसायकलच्या खिशात, फवारणीच्या औषधाशेजारी वावरणार असेल तर वर्षभरानं तो विनातडा राहील का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. आणखी एक: फोन परत केला म्हणून जुनं कर्ज आपोआप मिटत नाही. हप्ते उरले असतील तर ते भरावेच लागतात, आणि वर नव्या फोनचे सुरू होतात.

अपग्रेडच्या नादात जुना फोन रस्त्यावरच्या खरेदीदाराला देऊ नका. द्यायचाच असेल तर आधी गुगल खातं काढा, यूपीआयची ॲप्स पुसा आणि फोन फॅक्टरी रीसेट करा. जुना विकत घेणाऱ्यानं *#०६# डायल करून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढावा आणि सरकारच्या संचार साथीवर तो चोरीचा किंवा बंद केलेला नाही हे पाहावं.

दुसऱ्याच्या नावावर कर्ज

या चुकीनं आपल्या गावांत नाती तुटलेली मी पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर. भाच्याचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचं रेकॉर्ड, नाही, मामाचा आहे. मग मामाच्या आधारवर फोन. किंवा सालगड्यासाठी मालकानं आपलं नाव दिलं. कंपनीच्या लेखी फोन कुणाच्या हातात आहे याला काही अर्थ नाही. कर्ज मामाचं आहे. भाच्यानं दोन हप्ते चुकवले की मामाच्या नावावर थकबाकी चढते आणि जूनमध्ये मामा बँकेत गेला की ती समोर येते. पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नका, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावलं आहे. तरी ट्रॅक्टर, विहीर, दुचाकी, घर यांच्या कर्जाला रेकॉर्ड पाहिलं जातंच. १०-१२ हजारांच्या फोनपायी ते खराब करून घेऊ नका.

मदत करायचीच असेल तर डाऊन पेमेंटचे पैसे हातउसने द्या, नाव देऊ नका. आणि ओटीपी सांगण्याआधी तो मेसेज पूर्ण वाचा. किती रकमेच्या कर्जासाठी तो आला आहे, हे बरेचदा त्यात लिहिलेलं असतं. एका बैठकीत दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे ओटीपी आले तर तिथंच थांबा.

कागद न घेता दुकानातून निघणं

१ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांसाठी 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणजे केएफएस देणं रिझर्व्ह बँकेनं बंधनकारक केलं आहे, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचं आहे. मराठीत मागा, लाजू नका. त्यात एपीआर म्हणून एक आकडा असतो. व्याज आणि शुल्क मिळून वर्षाला किती टक्के पडतात, ते तो सांगतो. दोन स्कीमची तुलना करायची तर हप्त्यानं नाही, या आकड्यानं करा. फक्त नगदीची बुडालेली सूट त्यात दिसत नाही, ती आपली आपण धरायची. केएफएसमध्ये न लिहिलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. मुदतीआधी कर्ज बंद केलं तर किती आकार लागेल, तेही त्यातच पाहून ठेवा. तूर चांगली पिकली आणि कर्ज एकदम मिटवायचं ठरवलं तर तो आकडा कामी येतो.

हप्ता चुकला तर फोन लॉक करणारं ॲप टाकतात का, हेही खरेदीच्या वेळीच विचारून घ्या.

हप्ता चुकलाच तर

सगळ्यात वाईट म्हणजे फोन न उचलणं. तारखेच्या दोन-तीन दिवस आधीच ग्राहक सेवेला कळवा, जमेल तेवढे पैसे खात्यात टाका आणि दंड किती लागला ते लेखी मागा. एप्रिल २०२४ पासून दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज चढवायला मनाई आहे. वसुलीवाल्यानं सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ करायची नाही, गावात बदनामी करायची नाही, हाही रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. तसं झालं तर कॉलची तारीख आणि वेळ लिहून ठेवा आणि आधी फायनान्स कंपनीकडं लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा. मदतीचा क्रमांक १४४४८. दुकानदारानं बिल दिलं नाही किंवा सांगितलेली सूट नाकारली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

शेवटचा हप्ता कापला गेला की काम संपलं असं समजू नका. नाहरकत प्रमाणपत्र मागून घ्या आणि बँकेतली ऑटो-डेबिटची परवानगी बंद झाली का ते पाहा. महिना-दीड महिन्यानं सिबिलचा अहवाल काढा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीनं वर्षातून एकदा तो फुकट द्यायचा आहे. त्यात हे कर्ज 'बंद' असं दिसलं पाहिजे. 'सेटल्ड' (तडजोडीनं मिटवलेलं) किंवा 'थकीत' दिसलं तर नाहरकत जोडून दुरुस्तीचा अर्ज करा. त्यांना ३० दिवसांत निकाल द्यावा लागतो, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. पेरणीच्या धांदलीत हे काम विसरू नका.