भिंतीआड लपलेल्यासाठी लिहिताना

पुण्यातल्या एका छोट्या गेम स्टुडिओत लेखक म्हणून लागले, तेव्हा पहिल्या आठवड्यात हातात आलेलं काम असं होतं. पहारेकऱ्याला कुणाची तरी चाहूल लागते, तो जाऊन बघतो, कुणी दिसत नाही, तो जागेवर परत येतो. परत येताना तो काय म्हणेल? चाळीस वाक्यं लिही. मराठी घेऊन एम.ए. केलेलं, दोन कथा दिवाळी अंकांत छापून आलेल्या. मुलाखतीला जाताना मी साठ पानांचा ‘आमच्या जगाचा इतिहास’ लिहून नेला होता. चाळीस वाक्यं म्हणजे चहा संपायच्या आत, असं वाटलं. ‘उंदीर असेल.’ ‘भास झाला.’ ‘वारा असेल.’ ‘कुणी नाही वाटतं.’ आठव्या वाक्याला गाडी अडली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.

या वाक्यांना धंद्यात बार्क म्हणतात. नाव भुंकण्यावरून आलंय आणि काम साधारण तेच. लपूनछपून खेळायच्या खेळांत, म्हणजे स्टेल्थमध्ये, खेळणाऱ्याला सर्वांत आधी कळायला हवं ते हे, की मी दिसलो की नाही. १९९८च्या ‘थीफ’पासून हे पहारेकऱ्यांच्या तोंडून कळत आलंय. बेफिकीर आहे तर गुणगुणतो, संशय आला तर विचारतो, शोध सोडला तर बडबडत परत जातो. वाक्य तीन सेकंदांपेक्षा लांबलं तर वाया जातं, आणि एकच वाक्य रात्रभर ऐकू आलं तर हसू होतं. २०१२च्या ‘डिसऑनर्ड’मधले शिपाई एकमेकांना रात्री व्हिस्की आणि सिगार घ्यायला जमायचं का, असं इतक्या वेळा विचारतात की त्या खेळाचं बाकी सगळं विसरलेल्या लोकांनाही तेवढं आठवतं. लिहिणाऱ्याने ते बहुधा एकदाच लिहिलं असणार.

मला लिहायचं होतं ते एका विशिष्ट जातीच्या खेळासाठी. जग बुडून गेलंय, उरलेले लोक जुन्या यंत्रांना देव नाहीतर भुतं समजतात, आणि नायक लढण्यापेक्षा चोरून शिरण्यात पटाईत आहे. या वाटेला नव्याने येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी पोलंडच्या फूल्स थिअरीचा ‘सेव्हन: द डेज लाँग गॉन’ खेळायला सांगते. हा २०१७च्या डिसेंबरचा खेळ. त्याचा फार बोलबाला झाला नाही. नियंत्रणं चिडचिड करायला लावतात, मीही दोनदा सोडून दिला होता. पण आमच्या कामाच्या अडचणी त्यात उघड्यावर दिसतात, आणि शिकणाऱ्याला खडबडीत नमुना बरा पडतो. गुळगुळीत खेळात शिवण दिसतच नाही.

टेरिएल नावाचा चोर पेह नावाच्या बेटावर येऊन पडतो, आणि ते अख्खं बेट एक तुरुंग आहे. जुनं तंत्रज्ञान टेक्नोमेगस लोकांच्या ताब्यात, आणि बेटाचे भाग पाडलेले. एका भागातून दुसऱ्यात जायला व्हिसा लागतो. नसेल तर वेशीवर अडवतात, मग तुम्ही आहात आणि मागची भिंत. या एका व्हिसामुळे लेखकाची दहा पानं वाचली. कोण वरचा, कोण खालचा, कुणाला कुठे जाता येत नाही, हे सांगायला एकाही पात्राला भाषण ठोकावं लागत नाही. खेळणारा भिंत चढून पलीकडे उतरतो तेव्हा त्या समाजाची उतरंडच चढून गेलेला असतो.

दुसरी गोष्ट टेरिएलच्या डोक्यातल्या आर्टानाक या डीमनची, म्हणजे त्याच्यात शिरलेल्या पिशाच्चाची. लपणारा माणूस एकटा असतो आणि बोलला तर सापडतो. मग नायकाचा स्वभाव, त्याची भीती, त्याचा विनोद खेळणाऱ्यापर्यंत पोचवायचा कसा? प्रत्येक स्टेल्थ खेळाला हे कोडं सोडवावं लागतं. ‘थीफ’चा गॅरेट मोहिमेच्या आधी बोलून घेतो. ‘होरायझन झीरो डॉन’ची एलॉय स्वतःशीच पुटपुटते (थोडी जास्तच). स्वीडनच्या ‘म्युटंट इयर झीरो’त रानडुक्कर आणि बदक टोळीने हिंडतात, त्यामुळे एकमेकांची टर उडवायला माणूस मिळतो. माणूस म्हणजे, असो. ‘सेव्हन’ने बोलणारा थेट डोक्यातच बसवला. विज्ञान आणि जादू यांची सरमिसळ असलेल्या जगात असं काही खपून जातं. नुसत्या विज्ञानकथेत त्याला आधी चिप बसवावी लागली असती आणि मग त्या चिपची कंपनी सांगावी लागली असती.

आता मुख्य चुकीकडे येते. ती मी केली, आणि माझ्याकडे नमुने पाठवणाऱ्या दहांपैकी नऊ जणांनी केलेली असते.

आमचा खेळ दख्खनमधल्या एका मोठ्या धरणाभोवती घडायचा. सगळं संपल्यावर लोक धरणाच्या भिंतीच्या पोटात राहायला गेलेत, पाणी सोडण्याची सत्ता मूठभरांकडे आहे, आणि पाण्यावर पहारा देणाऱ्यांना पाटकरी म्हणतात. हा शब्द माझा. कालव्याचं पाणी वाटणाऱ्या माणसाला आमच्याकडे आजही पाटकरीच म्हणतात. दोन पाटकरी दरवाजाशी उभे आहेत, आणि चोरून आलेली नायिका खाली खांबाआड ऐकतेय. मी लिहिलं होतं:

“तुला माहीतच आहे, महाप्रलयानंतर साठ वर्षांपूर्वी धरणाधीशांनी पाण्यावर ताबा मिळवला.”

“होय, आणि तेव्हापासून टेलच्या वस्त्यांवर अन्याय होत आहे.”

आमचा डिझाइनर बिहारचा, त्याला मराठी अर्धंच कळतं. त्याने ते वाचून एवढंच विचारलं, “हे दोघे रेडिओवर आहेत का?”

त्या रात्री मला आमचं मिरजेकडचं घर आठवलं. आजोबांची जमीन कालव्याच्या शेवटाला, म्हणजे टेलला. वर बसलेल्यांची उसं भिजून झाली की उरलं तर आमच्याकडे यायचं. मी सात-आठ वर्षांची असेन. पांघरुणात झोपेचं सोंग घेऊन पडले होते आणि पडवीत आजोबा आणि काका बोलत होते.

“टॉर्च न्हेऊ नगंस.”

“चांदणं हाय की.”

“म्हणूनच म्हंतोय. आन् कुत्र्याला बांधून जा.”

एवढंच. काका निघून गेला आणि मला सगळं कळलं, की आज पाट फोडणार, चोरून पाणी घेणार, ही पहिली खेप नाही, आजोबांना भीती वाटतेय पण ते अडवणार नाहीत. ‘आपण पाणी चोरणार आहोत’ असं कुणीच म्हणालं नव्हतं. दोघांना ठाऊक असलेली गोष्ट माणसं एकमेकांना सांगत नाहीत, तिच्या कडेकडेने बोलतात. आणि चोरून ऐकणाऱ्याला मजा येते ती त्या कडा जोडून मधली गोष्ट ओळखण्यात.

दुसऱ्या दिवशी ते दोन पाटकरी पुन्हा लिहिले.

“तात्या, आज टेलला सोडायचंय न्हवं?”

“कोण म्हणलं?”

“पाळी हाय त्यांची.”

“पाळी.” (तात्या थुंकतो.) “गेल्या खेपंला बी पाळीच हुती.”

“मग?”

“मग काय? चावी कुणाकडं हाय ते बघ, आन् गप उभा ऱ्हा.”

यात साठ वर्षं नाहीत, धरणाधीश नाही. पण टेलला आधी एकदा फसवलंय, तरणा पाटकरी अजून नियमावर विश्वास ठेवतो, तात्याचा उडालाय, आणि चावी तिसऱ्याच कुणाकडे आहे, हे सगळं आलं. चावीचं शेवटी ठेवलं त्याला कारण आहे. खेळणारा संवादाच्या सुरुवातीला हजर असेल याची खात्री नसते. तो अजून वरच्या पाइपवरून उतरत असतो. कामाची गोष्ट पहिल्या वाक्यात घातली तर ती पाण्यात गेली.

शिवाय संवाद तुटायची सोय लागते. खेळणाऱ्याचा पाय पत्र्यावर पडला तर तात्या वाक्य अर्धं टाकून “कोण हाय रं?” म्हणणार, जाऊन बघणार, आणि परत आल्यावर “काय म्हणत हुतास?” म्हणून तिथूनच पुढे सुरू करणार. ही सांध्याची वाक्यंही लेखकालाच लिहावी लागतात. आणि एखादा खेळणारा दोघांनाही पहिल्याच वाक्याला आडवं करतो. त्याचं काय करायचं? चावीचा सुगावा आणखी दोन ठिकाणी ठेवायचा, एक वस्तूत आणि एक दुसऱ्याच कुणाच्या तक्रारीत. यावर सोपा तोडगा मला अजून सापडलेला नाही.

जग बुडाल्यानंतरच्या गोष्टींत एक जुनी युक्ती असते. पात्रांना वस्तू काय आहे ते ठाऊक नाही, खेळणाऱ्याला ठाऊक आहे. ‘होरायझन’मध्ये प्राचीन पात्रं म्हणून जपली जातात ती आपल्या ऑफिसात मिळतात तसली कंपनीचं चिन्ह छापलेले मग असतात. तिथली माणसं त्यांचा पूजेतला उपयोग शोधत बसतात. विनोद चांगला आहे, पण तो गंभीर चेहऱ्यानेच करावा लागतो. पात्राने जरा जरी डोळा मारला तरी जग कोसळतं. आमच्या खेळात ‘भारनियमन’ हा शब्द टिकून राहिला होता. त्याचा अर्थ कुणाला माहीत नव्हता, पण मंगळवारी भारनियमन पाळायचं, अंधारात बसायचं, मोठ्याने बोलायचं नाही, असं व्रत झालं होतं. शिवाय त्या दिवशी दिवे नसल्याने चोरीला तोच दिवस बरा. गमतीची गोष्ट खेळाच्या नियमाला जोडली गेली तेव्हाच डिझाइनरने ती ठेवली. नुसती गंमत म्हणून मी दिलेल्या बाकी अकरा कल्पना गेल्या.

सांगाड्यांबद्दल मात्र माझं थोडं भांडण आहे. खोलीत सांगाडा, उशाशी बाटली, शेजारी चिठ्ठी, आणि चिठ्ठीचं शेवटचं वाक्य ‘ते दार तोडतायत’. दार तुटत असताना बसून लिहितं कोण? ही सवय या जातीच्या खेळांना इतकी लागलीय की नवखा लेखक डोळे मिटून तेच लिहितो. मेलेल्यांपेक्षा त्या जागी आज कोण राहतंय ते दाखवणं मला जास्त बोलकं वाटतं. स्लूस गेटच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दरवाजाच्या, चाकाला ताजं हळदकुंकू लावलेलं दिसलं की हे चाक फिरतं, फिरवणारा घाबरतो, आणि तो सकाळी इथे येतो, एवढं कळतं. येण्याची वेळ चोराला उपयोगी.

पहारेकऱ्याला बायकोमुलं द्यायची का, हा प्रश्न तुम्हाला पडेलच. ‘मेट्रो २०३३’ने २०१०मध्ये फार हुशारीने उत्तर दिलं. त्यात थांबून लोकांचं बोलणं ऐकलं की खेळ गुपचूप तुमच्या खाती नोंद करतो, आणि अशा नोंदींवर शेवट कुठला मिळणार ते ठरतं. नोंद होतेय याचा कुठे गाजावाजा नाही. ऐकणं हीच तिथे नीती. त्याउलट मरायच्या आधीच पहारेकऱ्याने आजारी मुलीचं नाव घेणं म्हणजे मला खेळणाऱ्याकडून डोळ्यांतलं पाणी हप्त्याने वसूल केल्यासारखं वाटतं.

कामं कशी मिळतात, हे सगळे विचारतात. नुसत्या लेखकाची जागा आपल्याकडे क्वचित निघते. बरेच जण टेस्टिंगमधून किंवा भाषांतरातून आत शिरतात. माझा साठ पानांचा इतिहास कुणी उघडलाही नव्हता, ते मला नंतर कळलं. मला घेतलं ते मुलाखतीत दिलेल्या एका पानाच्या संवादावर. तेव्हा ट्वाइन या गोष्टीवजा खेळ बनवायच्या साधनात दहा मिनिटांत संपेल असा एक छोटा खेळ करा. ते फुकट आहे आणि ब्राउझरवर चालतं, त्यामुळे मराठी नीट दिसतं. मग इंक ही फाटे फुटणारे संवाद लिहायची भाषा शिका. आणि दोन पानं बार्क लिहून जोडा, प्रत्येक अवस्थेची वेगळी. वाचणाऱ्याला त्यावरून तुमचा हात लगेच कळतो. घरी काय सांगायचं ही अडचण मात्र थोडी कमी झालीय. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ २०२०मध्ये आला, तेव्हा माझ्या आईला पहिल्यांदा पटलं की गेमला गोष्ट असते आणि ती कुणीतरी बसून लिहितं.

मराठीत खेळ करणार असाल तर अक्षरांची परीक्षा पहिल्या दिवशीच घ्या. आम्ही युनिटी या खेळ बनवायच्या इंजिनातलं टेक्स्टमेश प्रो, म्हणजे पडद्यावर अक्षरं दाखवणारं साधन, वापरत होतो, त्यात देवनागरी तशीच टाकली की ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला चिकटायची आणि जोडाक्षरं मोडायची. ‘शिपाई’चा ‘शपिाई’ झाला. सातशे ओळी चढवून झाल्यावर हे लक्षात आलं, आणि त्या महिन्यात मी गोष्ट कमी आणि वेलांट्या जास्त लिहिल्या.

आमचा खेळ बाजारात आला नाही, पैसे संपले. पण बंद होण्याआधी एकदा बाहेरच्या मुलांना बोलावून खेळायला लावलं होतं. कोपऱ्यातल्या मशीनवर बसलेला एक मुलगा सोलापूरकडचा होता, अभियांत्रिकी शिकणारा. त्याची नायिका पाटकऱ्यांच्या खालच्या खांबाआड पोचली. वाट मोकळी होती. तात्याची पाठ होती आणि तरणा दुसरीकडे बघत होता. पोरगा हलेना. संवाद संपला, पाटकरी फेरी मारून आले, तोच संवाद पुन्हा सुरू झाला. त्याने तोही ऐकला. मला वाटलं खेळ अडकला, म्हणून मी उठून त्याच्यामागे जाऊन उभी राहिले. त्याने एका कानावरचा हेडफोन सरकवला आणि मान न वळवताच विचारलं, “ताई, मग टेलला पाणी सोडलं का शेवटी?”