शिंगरू मोरकी तोडतं, पिल्लू चपला फाडतं: वाढवताना या चुका टाळा

ज्यांच्या शेतावर घोडी आहे, त्यांच्याकडे राखणीला कुत्रंही असतंच. नागपूरचा काटोल रोड असो की हिंगणा, शिंगरू आणि पिल्लू एकाच अंगणात वाढतात आणि तक्रारीही सोबतच सुरू होतात. शिंगरू दोरी ओढली की मागे रेटतं, पिल्लू पट्टा ताणत पुढे पळतं, आणि चावतात दोघंही. लोक याला हट्टीपणा म्हणतात. खरं तर आपण शिकवलं तेच दोघं शिकलेले असतात, फक्त आपण ते चुकीच्या क्षणी शिकवलेलं असतं.

दोरी ढिली करायला उशीर

सगळ्यात जास्त नुकसान या एका चुकीने होतं. शिंगराला मोरकी (तोंडाभोवती बांधायची दोरी) घालून चालवायला शिकवताना ताकद कामाची नाही. दोरी ताणली की अंग मागे टाकणं हा त्याचा उपजत स्वभाव आहे. समोर उभं राहून तोंडाकडे ओढलं तर ते मागे जातं, कधी मागच्या पायांवर उभं राहून उलटं पडतं, आणि डोकं आपटलं तर जिवावर बेततं.

त्याच्या डाव्या खांद्याजवळ उभं राहा. सुती दोरी दहा-बारा फुटांची घ्या. ती हाताला गुंडाळू नका, घडी करून मुठीत धरा. सरळ पुढे न ओढता थोडं बाजूला, आपल्याकडे, हलका ताण द्या आणि तो तेवढाच ठेवा. शिंगराने एक पाय उचलला, नुसतं वजन पुढे टाकलं, तरी त्याच क्षणी दोरी ढिली करा. दोन-चार सेकंद थांबा, मानेवर खाजवा, मग पुन्हा. ते मागे गेलं तर ताण न वाढवता त्याच्यासोबत मागे जा आणि थांबेपर्यंत ढील देऊ नका. मागे रेटताना ढील मिळाली, तर रेटलं की सुटका होते हे ते पक्कं शिकतं.

गडबड नेमकी इथे होते. शिंगरू एक पाऊल टाकतं, माणूस ‘आलं, आलं’ म्हणत आणखी जोरात ओढतो. शिंगराच्या हिशेबाने पुढे गेल्यावर त्रास वाढला. मग पुढचं पाऊल ते कशाला टाकेल?

ताणाला मान देणं नीट जमल्याशिवाय शिंगराला एकटं बांधून ठेवू नका. बांधाल तेव्हा गाठ त्याच्या खांद्याच्या उंचीवर, दोरी साधारण हातभर, आणि गाठ अशी की दोरीचं मोकळं टोक ओढताच सुटेल. लगाम घातलेला असेल तर लगामाने कधीच बांधू नका. घोडा दचकून मागे गेला की कडियाळ्याने (लगामाच्या तोंडातल्या लोखंडी भागाने) जीभ आणि जबडा फाटतो.

पिल्लाच्या पट्ट्याचं गणितही हेच. पट्टा ताणला की तुम्ही थांबायचं, ढिला झाला की चालायचं. ओढल्यावर एकदा जरी त्याला हव्या त्या झाडापर्यंत पोहोचू दिलं, तरी ओढणं कामाचं ठरतं. घरात चौघं असतील तर चौघांनीही हा नियम पाळायला हवा. सकाळी बाबांनी थांबायचं आणि संध्याकाळी पोरांनी पट्ट्यासोबत धावायचं, यातून पिल्लू काहीच शिकत नाही.

खाऊचंही तसंच. पिल्लू बसलं, तुम्ही खिसा चाचपला, पिशवीची गाठ सोडली, तोवर ते उभं राहून उड्या मारू लागलं, आणि तेव्हा खाऊ मिळाला. म्हणजे तुम्ही उड्या मारायला शिकवलं. खाऊ एक-दोन सेकंदांत तोंडात जायला हवा. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे उघड्या डब्यात कमरेला ठेवा. लगेच काढता येत नसेल तर आधी ‘शाब्बास’ म्हणा, पण त्या शब्दामागून दर वेळी खाऊ यायलाच हवा, नाहीतर शब्दाला किंमत राहत नाही.

चावणं गोड वाटतं तेव्हाच थांबवा

शिंगराला हातातून गूळ चारायची हौस सोडा. दोन आठवड्यांत ते खिसे हुंगू लागतं, मग दंड धरतं. गूळ किंवा गाजर घमेल्यात टाका. खेळात पुढचे पाय माणसाच्या खांद्यावर टाकणारं शिंगरू दोन वर्षांनी तेच करील, तेव्हा त्याचं वजन तीनशे किलोच्या आसपास असेल. पहिल्या दिवसापासून त्याला हातभर अंतरावर ठेवा.

पिल्लाचे दुधाचे दात साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात पडतात आणि हिरड्या शिवशिवतात. चावलं की हात झटकू नका, झटकलेला हात त्याला खेळ वाटतो. शांतपणे उठून वीस-तीस सेकंद निघून जा, परत येऊन चावायला योग्य वस्तू द्या. ओला करून फ्रिजरमध्ये गोठवलेला जाड सुती पंचा छान चालतो, फक्त देखरेखीखाली. नाकावर फटका मारलेलं पिल्लू चावणं सोडत नाही, पण हात जवळ आला की दबायला लागतं, आणि अशाच कुत्र्याला पुढे डॉक्टरांकडे धरणं कठीण होतं.

‘अजून दमलं नाही’ हा गैरसमज

रात्री आठला पिल्लू बेफाम सुटतं, सोफ्यावरून उड्या, पायांना चावे. घरचे म्हणतात, याला अजून फिरवायला हवं. बहुतेक वेळा उलट असतं. लहान पिल्लाला दिवसभरात 18 ते 20 तास झोप लागते. पाहुणे, पोरं, टीव्ही यात ती मिळाली नाही की ते चिडचिडं होतं. त्याला अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात चघळायला काहीतरी देऊन ठेवा, दहा-पंधरा मिनिटांत झोपतं का बघा. झोपलं तर दुखणं कळलं.

शिकवणी पिल्लाची तीन ते पाच मिनिटांची, दिवसातून तीन-चारदा. शिंगराची दहा मिनिटं पुरे, वर्षभराच्या घोड्याची पंधरा. जमलं त्याच क्षणी थांबा. ‘आता जमतंय तर अजून एकदा’ म्हणत लांबवलं की शेवट चुकीवर होतो.

पाठीवर बसायची घाई

लग्नसराईत वरातीला घोड्यांची मागणी असते, म्हणून दोन वर्षांच्या घोड्यावर जीन चढवलं जातं. वरून घोडा पूर्ण वाढलेला दिसतो. हाडं मात्र अजून कच्ची असतात: पुढच्या गुडघ्यावरचं वाढीचं टोक साधारण दोन ते अडीच वर्षांनी जुळून येतं, आणि पाठीच्या मणक्यांना पाच-साडेपाच वर्षं लागतात. तीन वर्षांच्या आधी पाठीवर माणूस नको. तीननंतरही सुरुवातीला हलका स्वार, वीस मिनिटं, आणि चाल साधी किंवा थोडी दुडकी. स्वार आणि जीन मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर भार टाकू नका, तरुण घोड्यावर त्याहूनही कमी.

लांब दोरीवर गोल फिरवणंही अति होतं. रिंगण किमान 15 मीटर व्यासाचं हवं, दोन्ही बाजूंनी मिळून दहा-पंधरा मिनिटं. छोट्या रिंगणात पळवलेल्या शिंगराच्या सांध्यांवर तिरका भार येतो.

लगाम घातल्यावर घोडा डोकं झटकत असेल तर आधी तोंड तपासून घ्या. पहिल्या दाढेच्या पुढे अनेक घोड्यांना एक बारीक दात उगवतो. कडियाळं त्याला लागलं की घोडा डोकं वर फेकतो, आणि लोक आणखी कडक कडियाळं आणतात. मग जीन बघा: उतरवल्यावर घामेजलेल्या पाठीवर कोरडा चट्टा दिसला, तर तिथे जीन रुततंय. दोन्ही ठीक असेल तरच दोष शिकवण्यात शोधा.

पिल्लाच्या बाबतीत याच घाईचं रूप म्हणजे गाडीमागे पळवणं. मोठ्या जातीच्या कुत्र्याला दीड वर्षापर्यंत डांबरी रस्त्यावर लांब पळवू नका. घरात गुळगुळीत टाइल्स असतील तर खेळायच्या जागी सतरंजी किंवा रबरी चटई टाका.

नागपूरचा उन्हाळा

एप्रिल ते जून शिकवणी सकाळी सातच्या आत संपवा. नवतप्यात, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, शिकवणी नकोच. संध्याकाळी सहाला ऊन उतरलं तरी डांबर तापलेलंच असतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवा, टेकवत नसेल तर पिल्लाचे पंजेही भाजतील.

घामेजलेल्या घोड्यावर थंड पाणी टाकलं तर तो आखडतो, ही समजूत मनातून काढून टाका. उन्हाने तापलेल्या घोड्यावर अंगभर पाणी ओतत राहणं आणि सावलीत वारा देणं हाच उपाय आहे. प्यायलाही पाणी द्या. मोठा घोडा उन्हाळ्यात दिवसाला 40-50 लिटर सहज पितो, काम असेल तर त्याहून जास्त. मिठाचा खडा गव्हाणीत ठेवा.

घरातला मोठा धोका कुलर. पिल्लू वायर चावतं आणि खाली पाणी सांडलेलं असतं. वायर पीव्हीसी पाइपमधून न्या, प्लग उंचावर ठेवा, बोर्डाला ईएलसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) लावून घ्या. धापा थांबत नाहीत, लाळ चिकट आणि हिरड्या लालभडक झाल्या तर पिल्लाला नळाच्या पाण्याने भिजवा, पंख्याखाली ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. अंगावर ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो उष्णता अडवतो.

आवाजाची सवय मारबतीच्या दिवशी लागत नाही

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते, पुढे गणपती, मग दिवाळीचे फटाके. ढोल-डीजेजवळ शिंगराला बांधून ‘होईल सवय’ म्हणणं धोक्याचं आहे. ते शांत उभं दिसतं, पण भीतीने गोठलेलं असतं, आणि अशा घोड्याचा उद्रेक गर्दीतच होतो. दोन महिने आधी, आषाढातच सुरुवात करा. ढोल-फटाक्यांचं रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात, खाण्याच्या वेळी, पाच मिनिटं लावा. खाताना तोंड थांबलं, कान मागे वळून तिथेच खिळले, तर आवाज जास्त आहे, कमी करा. आवाज वाढवायचा तो दर तीन-चार दिवसांनी, थोडा थोडा.

पिल्लाचं जग ओळखायचं वय साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याचं. लसी पूर्ण व्हायच्या म्हणून त्याला घरात कोंडलं तर हा काळ हातचा जातो. कडेवर घेऊन भाजीबाजार, शाळेसमोरची गर्दी, रेल्वे फाटक दाखवा. जमिनीवर, अनोळखी कुत्र्यांच्या वावरात मात्र सोडू नका, पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोनमहिने टिकतो. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. शिंगराच्या बाबतीत धनुर्वाताची लस विसरू नका, घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो.

कुटार, कडबा आणि दूध-पोळी

जोमाने वाढावं म्हणून शिंगराला चंदी (दाणा) भरपूर देणं चुकीचं आहे. दाण्याने वजन झपाट्याने वाढतं आणि सांधे सुजतात. पोटाचा मोठा भाग चाऱ्याचाच हवा. चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत थोडा थोडा बदला. घोड्याला उलटी होत नाही, अचानक बदलाने पोटशूळ होतो. कोवळी किंवा पाण्याविना खुरटलेली हिरवी ज्वारी देऊच नका, त्यात विष तयार होतं. पिल्लू नुसत्या दूध-पोळीवर वाढवलं तर पाय वाकतात, आणि शिजवलेली हाडं आतड्यात रुततात.

दोघं एकत्र असतील तर

पिल्लाला घोड्याच्या टाचांमागे एकदाही पळू देऊ नका. पहिल्या भेटी पट्ट्यावर, वीस फुटांवरून, घोडा चारा खात असताना करा. नालबंद येईल त्या दिवशी पिल्लू बांधून ठेवा. खुरांचे तुकडे कुत्री आवडीने गिळतात आणि ते पोटात अडकतात. घोड्याच्या जंताची आयव्हरमेक्टिनची पेस्ट देताना जमिनीवर पडलेला थेंब पुसून घ्या, आणि पुढचे काही दिवस लीद लगेच उचला. घोड्यासाठी भरलेली मात्रा पिल्लाला भारी पडते, कॉली जातीच्या कुत्र्यांना तर फारच. पिल्लू झोकांड्या देऊ लागलं, थरथरलं किंवा डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसल्या, तर पेस्टची नळी सोबत घेऊन सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे तातडीने न्या.