गळासाठी ज्वारी: वाणाची निवड, दाण्याची तयारी आणि भीमेच्या पाण्यातला वापर

गळाने मासे धरण्याचा छंद असलेल्या माणसाला पुढेमागे वनस्पतींच्या वाणांचाही नाद लागतो, कारण आमिष म्हणून दाणा वापरायचा ठरवले की कोणता दाणा शिजवल्यावर टिकतो, कोणता फुटतो आणि कोणत्याला तेल सुटते, हे पाहावेच लागते. इंग्लंडमधल्या नद्यांवर भांगेच्या उकडलेल्या बिया हे जुने आणि खात्रीचे आमिष मानले जाते. त्या बियांनी माशांना नशा चढते या समजुतीने तिथल्या काही पाण्यांवर एके काळी त्यांना बंदी होती. प्रत्यक्षात नशेचे द्रव्य मादी झाडाच्या फुलोऱ्यातील राळेत असते आणि बीमध्ये ते नगण्य असते. मासा येतो तो बियांतील तेलामुळे, कारण बियांच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा तेलाचाच असतो.

सोलापुरात बसून हा प्रयोग करू पाहणाऱ्यांनी आधी कायदा समजून घ्यावा. अमली पदार्थविषयक १९८५ च्या अधिनियमानुसार परवान्याविना भांगेचे झाड लावणे हा गुन्हा असून त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. झाड कुंडीत लावले, एकच लावले किंवा हौसेने लावले, अशी सबब त्यात चालत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ मध्ये वर्णन केलेली सटायव्हा आणि लामार्कने १७८५ मध्ये भारतातून आलेल्या नमुन्यांवरून वेगळी काढलेली इंडिका या भांगेच्या दोन जातींतला फरक वाचायला रंजक आहे, पण हा अभ्यास कागदावरच ठेवावा आणि परदेशातून बी मागवण्याच्या फंदात पडू नये. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये या बियांसाठी खाद्यपदार्थ म्हणून मानके ठरवली, त्यामुळे दुकानात त्या मिळतात. मात्र त्या बहुधा सोललेल्या असतात. गळाला लागते ती साल फुटून आतला पांढरा गर डोकावणारी अख्खी बी, म्हणून सोललेल्या बियांचा आपल्याला काही उपयोग नाही.

आपल्याकडे यापेक्षा सोयीची वस्तू घरातच आहे. ज्वारीचा दाणा आकाराने भांगेच्या बीपेक्षा किंचित मोठा आणि गळाला ओवायला सोपा असतो. त्याच्यात तेल कमी असते, पण ती उणीव जवस किंवा कारळे भरून काढतात.

वाणाची निवड सावकाश करावी. मालदांडी ३५-१ हा मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेला वाण असून त्याचा टपोरा, मोत्यासारखा चकचकीत दाणा शिजवल्यावर लगदा होत नाही, म्हणून सुरुवात याच ज्वारीने करावी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ती भाकरीसाठी घेतलेली असल्यास त्यातलीच दोन मुठी गळासाठी बाजूला काढावी, वेगळी आणण्याची गरज नाही. दगडी या गावरान वाणाचा दाणा कठीण असतो, त्याला शिजायला अधिक वेळ लागतो, पण लहान चिलापी मासे कुरतडत असतील तेव्हा तोच गळावर टिकतो. गूळभेंडी किंवा सुरती यांचा हुरडा डिसेंबर-जानेवारीत मिळतो. तो न शिजवताही वापरता येतो आणि त्याचा गोडसर वास पाण्यात लवकर पसरतो, मात्र दाणा इतका नाजूक असतो की जोरात फेक केली की गळावरून सुटून जातो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे फुले वसुधा, फुले रेवती असे वाण शेजारच्या शेतकऱ्याकडे असतील, तर प्रत्येकाचा मूठभर दाणा एकाच भांड्यात पण वेगवेगळ्या फडक्यांत बांधून शिजवून पाहावा. साल कोणाची आधी फुटते हे तासाभरात कळते, आणि वाणांचा नाद असलेल्या माणसाची निम्मी हौस तिथेच फिटते.

पेरणीसाठी आणलेल्या पिशवीतले बियाणे मात्र कधीही वापरू नये. त्यावर कीटकनाशक आणि बुरशीनाशक चोळलेले असते, बहुधा त्याचा गुलाबी-लाल रंग हाताला लागतो, आणि ते नदीत टाकणे म्हणजे पाण्यात विष कालवणे होय.

दाणा स्वच्छ धुऊन रात्रभर भरपूर पाण्यात भिजत घालावा. दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाकून उघड्या पातेल्यात मंद आचेवर अर्धा-पाऊण तास शिजवावा. कुकर टाळलेला बरा, कारण शिट्ट्यांच्या हिशेबात सगळे दाणे एकदम फुलून फुटतात आणि हाती कण्या येतात. मधूनमधून एक दाणा काढून अंगठ्याच्या नखाने दाबून पाहावा: साल एका बाजूने चिरली आहे, आतला गर मऊ झाला आहे, पण दाणा चपटा होत नाही, अशी अवस्था आली की आच बंद करावी आणि दाणे त्याच पाण्यात गार होऊ द्यावेत. कोमट असतानाच त्यात भाजून भरडलेले कारळे किंवा जवस घालावे. जवसाला बुळबुळीतपणा असल्याने ते दाण्यांना चिकटून राहते. एक दिवस झाकून ठेवल्यास किंचित आंबूस वास येतो. तो माशांना चालतो, घरच्यांना चालेलच असे नाही. कोरडा किंवा अर्धवट भिजलेला दाणा पाण्यात टाकू नये, कारण तो माशाच्या पोटात जाऊन फुगतो.

कोणता मासा हवा त्यावर पुढची मांडणी ठरते. रोहू पाण्याच्या मधल्या थरात चरतो, मृगळ तळाशी, आणि कटला वरच्या थरात सूक्ष्म जीव गाळून खातो. म्हणून ज्वारीचा दाणा मुख्यतः रोहू, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) यांच्यासाठी समजावा. कटल्यासाठी शेंगदाण्याची पेंड आणि कणीक एकत्र मळून केलेला गोळा अधिक उपयोगी पडतो. मरळ, वाम आणि शिंगाडा हे मांसाहारी असल्याने दाण्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

आठ ते बारा क्रमांकाचा, जाड तारेचा गळ घ्यावा. क्रमांक वाढतो तसा गळ लहान होत जातो. दाण्याच्या चिरलेल्या बाजूने टोक आत घालून विरुद्ध बाजूच्या अखंड सालीतून बाहेर काढावे आणि टोक उघडे ठेवावे, म्हणजे साल दाण्याला धरून ठेवते. असे दोन किंवा तीन दाणे पुरेत. शिशाचा लहान मणी गळापासून वीतभर वर बांधावा आणि तरंगा असा ठेवावा की त्याचे जेमतेम टोक पाण्यावर दिसेल. रोहू, मृगळ, सायप्रिनस या माशांना तोंडात दात नसतात. ते घशातल्या दातांनी दाणा चिरडतात आणि काही खुपले की लगेच थुंकतात. त्यामुळे तरंगा बुडण्याची वाट न पाहता तो आडवा सरकला की तंगूस ताणावा.

गळ टाकण्यापूर्वी आणि नंतरही थोड्या थोड्या वेळाने मूठभर मोकळे दाणे एकाच जागी टाकत राहावे. सगळे एकदम ओतले तर मासे तेच खाऊन तृप्त होतात आणि गळाचा दाणा तसाच राहतो.

जागेबाबत बोलायचे तर सीनेवर वडकबाळ आणि तिऱ्हे, भीमेवर बेगमपूर, आणि दोन्ही नद्या मिळतात तो कुडलचा परिसर सोलापूरकरांना जवळचा आहे. बंधाऱ्यांच्या फुगवट्यात संथ पाणी मिळते आणि दाण्याला तेच मानवते. धरणे आणि बंधारे यांवरील मासेमारीचे हक्क अनेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, तेव्हा काठी उघडण्याआधी गावात विचारून घ्यावे. शहरातल्या सिद्धेश्वर तलावात किंवा पंढरपूरच्या घाटांवर गळ टाकण्याचा विचारही करू नये.

पाण्याच्या पातळीवर मात्र सतत लक्ष हवे. सोलापुरात ऊन पडलेले असले तरी पुणे जिल्ह्यात पाऊस झाला की तिथल्या धरणांचे पाणी दौंडवरून उजनीत येते, आणि उजनी भरलेली असली की तेच पुढे भीमेत सोडले जाते. काठावर पाण्याच्या रेषेशी एक काटकी खोचून ठेवावी; ती बुडू लागली तर सामान आवरावे. बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढले जात असताना खालच्या बाजूला बसू नये. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला, कारण तोवर गढूळपणा बसलेला असतो. पावसाळ्यात अंड्यांनी भरलेली मादी लागली तर हात ओले करून गळ सोडवावा आणि तिला पाण्यात परत सोडावे.

उरलेले शिजवलेले दाणे नदीत रिकामे करून येऊ नये. मिठाच्या पाण्यासह बाटलीत भरून थंड ठेवल्यास ते तीन-चार दिवस चालतात. त्याहून जुने झालेले उकिरड्यावर टाकावेत.