ठाण्यात लोकल मराठी पेपर काढायचाय? आधी झुलू आणि लुगांडा पेपरांचं गणित बघा

नौपाड्यात, घोडबंदरला किंवा वाशीत आपल्या एरियाचा मराठी पेपर काढायचं डोक्यात असेल तर बातमीदार नंतर शोधा, आधी छपाई आणि जाहिरात कुठून येणार ते ठरवा. आफ्रिकेतल्या झुलू, लुगांडा अशा स्थानिक भाषांच्या पेपरांची अडचण आपल्यासारखीच आहे, भाषा बोलणारे लाखोंनी पण मोठ्या जाहिराती इंग्लिश पेपरला.

तिथल्या एका टिकलेल्या पेपरला वेगळं मशीन घ्यावं लागलं नाही. युगांडाचा लुगांडा पेपर बुकेद्दे 1994 ला आला तो न्यू व्हिजन या इंग्लिश दैनिकाच्या घरातून, म्हणजे प्रेस, गाड्या, सेल्सची माणसं आधीच हजर, पुढे त्याच नावाने टीव्ही आणि रेडिओपण काढला. तुम्हीही साप्ताहिकाने सुरुवात करा, छपाई बाहेरून करून घ्या आणि स्टेशनबाहेरच्या विक्रेत्यांकडून किती अंक परत येतात ते दर आठवड्याला लिहून ठेवा, कारण विक्रेत्याचं कमिशन नि कागद वजा केला की अंकाच्या किमतीत काही उरत नाही आणि परत आलेला अंक थेट रद्दीत जातो. टायटलची, म्हणजे पेपरच्या नावाची नोंदणी सरकारच्या प्रेस सेवा पोर्टलवर होते, ते आधीच उरकून टाका.

आता जाहिरात, खरा खेळ इथेच आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा झुलू पेपर इसोलेझ्वे 2002 ला सुरू झाला तेव्हा त्यांनी शहरात राहणारा, नोकरी करणारा, घरात झुलूच बोलणारा वाचक समोर धरला. आपणही गोखले रोडच्या दुकानदाराकडे मराठीच्या प्रेमापोटी जाहिरात द्या म्हणून हात पसरायचे नाहीत, आपला वाचक कुठल्या सोसायटीत राहतो, मुलांना कुठल्या क्लासला घालतो, ते सांगायचं. आणि जाहीर नोटिसा सोडू नका! नॉमिनी न लावता सभासद वारला की सोसायटीला पेपरात नोटीस द्यावी लागते, फ्लॅटचे कागद हरवले तरी देतात, त्यामुळे कोर्टाजवळच्या वकिलांशी ओळख ठेवा.

नेत्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती घ्या, पण पैसे आधी, आणि सगळा पेपर त्यावर उभा करू नका. दक्षिण आफ्रिकेतले झुलू नेते जॉन दुबे यांनी 1903 ला काढलेला झुलू पेपर इलांगा 1987 मध्ये इन्काथा या तिथल्या राजकीय संघटनेशी जोडलेल्या कंपनीकडे गेला, मग बातमीकडेही लोक त्याच चष्म्यातून बघतात.

उधारी मात्र जीव घेते, म्हणून दुसरा बातमीदार घ्यायच्या आधी वसुलीला एक माणूस ठेवा.