चोडण–नार्वे–दिवाडी: सायकल काढण्याआधी

गावांतून जाणारा आणि मोटारींना बंद असलेला रस्ता आपल्या गोव्यात माझ्या तरी पाहण्यात नाही. पण मांडवी नदीने ते काम करून ठेवले आहे. चोडण आणि दिवाडी ही तिच्यातली बेटे. दिवाडीला पूल नाही, रायबंदरहून चोडणला जायचे तर फेरीबोट. बोटीतून एका वेळी मावतील तेवढीच वाहने पलीकडे उतरतात, दहा मिनिटांत आपापल्या घरी पोचतात, आणि पुढची बोट येईपर्यंत रस्ता सायकलवाल्याचा. साखळीहून सावंतवाडीच्या भाच्याला घेऊन मी ही फेरी करतो, तेव्हा तयारीचा पहिला विचार या बोटींचाच असतो. म्हणून यादीची सुरुवातही तिथूनच.

आमची वाट अशी: रायबंदरच्या धक्क्यावरून चोडण, चोडणातून मये, तिथून नार्वे, नार्व्याला दुसरी बोट धरून दिवाडी, आणि दिवाडीवरच्या पिदाद गावाहून तिसऱ्या बोटीने जुने गोवे. तीन बोटी, दोन बेटे, मध्ये डिचोली तालुक्याचा एक तुकडा. आदल्या दिवशी तिन्ही बोटींच्या वेळा धक्क्यावर किंवा गावातल्या माणसाकडून विचारून घ्याव्यात. नार्व्याची खास करून, कारण तिथे रायबंदरइतक्या फेऱ्या नसतात आणि एक चुकली की उन्हात बसून राहावे लागते. खिशात सुटे पैसे असू द्यावेत.

बोटीत चढायचीही तयारी लागते. ओहोटीला उतार चांगलाच तिरका होतो आणि पाण्याच्या कडेचा भाग शेवाळाने बुळबुळीत असतो. तिथे सायकलवरून उतरावे, हात ब्रेकवर ठेवून ती चालवत न्यावी, आणि उतरणारी माणसे नि दुचाक्या पूर्ण बाहेर पडेपर्यंत बाजूला थांबावे. क्लीटचे (पेडलात अडकणारे) बूट घालत असाल तर ते पिशवीत टाका, साध्या रबरी तळव्याचे घाला. बोट धक्क्याला टेकताना हिसका बसतो आणि स्टँडवर उभी केलेली सायकल आडवी होते. मी हँडलच्या ब्रेकदांडीला जाड रबर बँड गुंडाळून चाक आवळून ठेवतो. दोन रुपयांचा रबर बँड, पण माझ्या यादीत तो हेल्मेटच्या खालोखाल आहे.

सायकल कोणती, यावर मी वाद घालत नाही. गिअरची असली तर पिदादचा चढ सोपा जातो, एवढेच. टायर मात्र फार बारीक नकोत. बेटांवरचे मुख्य रस्ते डांबरी आहेत, पण बांधावरच्या वाटा चिऱ्याच्या खडीच्या आणि मातीच्या. पस्तीस मिलिमीटरच्या आसपासचा टायर, हवा थोडी कमी, म्हणजे मनगटांना त्रास होत नाही. ब्रेकचे रबर आदल्या रात्री बघा, कारण पिदादहून खाली येताना रस्ता वळतो आणि वळणापलीकडे म्हैस उभी असू शकते. साखळीला तेल द्या. घंटी वाजतेय ना, हेही बघा. या गल्ल्यांत पहाटे भोंगा वाजवत सायकलवरून पाव विकणारा पदेर फिरतो. माणसांना सायकलची सवय आहे, पण त्याच्या भोंग्याची. तुमची घंटी त्यांना ऐकू गेली पाहिजे.

पंक्चरचे सामान घेतल्याशिवाय निघू नका, हे मी कळकळीने सांगतो. एकदा पंप घरी विसरलो, चोडणातल्या खाजनाच्या, म्हणजे खारे पाणी अडवून केलेल्या शेताच्या, बांधावर मागचे चाक बसले आणि भर उन्हात सायकल ढकलत वस्तीपर्यंत यावे लागले. भाचा तेव्हा बारा वर्षांचा होता, त्याच्याकडचे पाणी संपले होते आणि माझा जीव वर-खाली होत होता. तेव्हापासून एक जादा ट्यूब, पॅच, सोल्युशन, टायर काढायच्या दोन दांड्या, छोटा पंप आणि अॅलन की माझ्या सीटखाली कायमच्या बांधलेल्या आहेत. ज्या एकांतासाठी आपण जातो, त्याच एकांतात मदतीला माणूस मिळत नाही.

पाणी माणशी दोन लिटर. त्यातल्या एका बाटलीत मीठ-साखर घाला, किंवा कोकम सरबत. खाण्याचे ओझे नको: सकाळी पदेराकडून घेतलेल्या चार पोया (इकडचे पाव), केळी, दोन लाडू पुरतात. जेवणाची खात्रीची सोय जुन्या गोव्यातच समजा. वाटेत गाडा मिळाला तर आनंद आहे, पण त्याच्या भरवशावर निघू नका.

कपड्यांचे थोडक्यात. सुती किंवा लवकर वाळणारे, आणि गुडघे-खांदे झाकतील असे काहीतरी पिशवीत. वाटेवर देऊळ आहे आणि चर्चही आहे, दोन्हीकडे लोक भक्तीने येतात. घामेजलेल्या तंग चड्डीत गाभाऱ्यापुढे उभे राहणे मला पटत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जानेवारीत पहाटेच्या बोटीला नदीवर धुके असते, म्हणून पुढचा दिवा आणि मागचा तांबडा दिवा दोन्ही हवेत. तीन डिसेंबरला जुन्या गोव्यात सायबाचे, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचे, फेस्त असते, त्या दिवसांत हा बेत नको. गोकुळाष्टमीला नार्व्यात स्नानाला गर्दी लोटते आणि ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर बोंदेरां हा बावट्यांचा उत्सव असतो. दोन्ही बघण्यासारखे, पण सायकल घरी ठेवून. पावसाळ्यात बेटे इतकी हिरवी होतात की मोह आवरत नाही. तरी धक्क्यांचा निसरडेपणा आणि वाऱ्या-पावसात अडणारी बोट लक्षात घेता, मुलांना घेऊन मी त्या दिवसांत जात नाही.

पहिली बोट शक्यतो सातच्या आत धरा. पणजीहून येणार असाल तर रायबंदरच्या पाटोवरून यावे लागते. सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी खाजनातून बांधून काढलेला हा दगडी रस्ता उजाडताना शांत असतो, नऊनंतर नाही. चोडणला उतरताच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य लागते. तिथे सायकल बाहेर ठेवून खारफुटीतल्या पायवाटेने चालायचे, म्हणून कुलूप हवे आणि दुर्बीण असेल तर तीही. भरती-ओहोटीचे वेळापत्रक इथेही कामाला येते: पाणी ओसरलेले असले की चिखलावर खेकडे, उड्या मारणारे मासे आणि त्यांच्यावर टपलेले खंड्या व बगळे दिसतात. बांधांवरून जाताना मानशीपाशी जरूर थांबा. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू न देणारी आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडणारी ही लाकडी दारे, त्यांच्या जोरावर इथे खाऱ्या जमिनीत कोरगुट भात पिकले. बांधावर सायकल जपून चालवा, कड खचवू नका. तो कुणाच्या तरी शेताचा आधार आहे.

मये ते नार्वे हा तुकडा बेटाबाहेरचा, तिथे गाड्या भेटतात. डाव्या कडेने, एकामागे एक, आणि भडक रंगाचा सदरा याच टप्प्यासाठी.

नार्व्यासाठी मात्र घड्याळात एक पूर्ण तास मोकळा ठेवा. सप्तकोटीश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे दैवत, त्यांच्या नाण्यांवरही त्याचे नाव आहे. मूळ देऊळ समोरच्या दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले, आणि लिंग नदीपार आणून भक्तांनी इकडे वसवले. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये देवळाची उभारणी करवली. दारावरच्या शिलालेखात शके १५९० आणि श्रीशिवराज्ञा हे शब्द आहेत. भाच्याला मी ते अक्षर-अक्षर वाचायला लावले. अक्षरे नीट दिसायला लहान बॅटरी बरोबर असावी. अलीकडे देवळाची डागडुजी झाली आणि २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले. तिथून बोटीने पलीकडे गेलात की जुन्या नार्व्यात कोटितीर्थाची तळी आहे. लिंग ज्या पाण्यावरून आले, तेच पाणी आपण उलट दिशेने ओलांडतो. मोटारीने देऊळ बघून परत फिरणाऱ्याला हे कधीच जाणवत नाही, आणि माझा सगळा आग्रह या एका बोटीसाठी आहे.

दिवाडीवर पिदादची टेकडी चढून चर्चच्या आवारात दम खा. खाली मांडवी आणि पलीकडे जुन्या गोव्याची शिखरे दिसतात. मग उतार, बोट, आणि विजरईची कमान. जुने गोवे १९८६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. बॉम जेझू चर्चची बांधणी १५९४ ला सुरू झाली, १६०५ मध्ये ते पूर्ण झाले. तोवर पाय थकलेले असतात, म्हणून मी एवढे एकच आतून बघतो, आणि सांत आगुश्तीनचा मोडका मनोरा बाहेरून. बाकी दुसऱ्या दिवशी.

घरी पोचल्यावर अंघोळीआधी सायकल गोड्या पाण्याने धुवा, साखळी फडक्याने कोरडी करा आणि तेल द्या. बोटीवरचे खारे शिंतोडे एका रात्रीत गंज धरतात.