शेक-केमोनंतर गुदाशयाचं ऑपरेशन झालं. रिपोर्टवरून पुढचा अंदाज कसा बांधायचा

मी हिस्टोपॅथॉलॉजिस्ट, म्हणजे काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारी डॉक्टर. ऑपरेशनमध्ये काढलेला आतड्याचा भाग आधी माझ्या टेबलावर येतो, रिपोर्ट तुमच्या फाईलमध्ये नंतर जातो. रिपोर्ट न्यायला आलेला मुलगा किंवा जावई खिडकीतून एकच विचारतो, "मॅडम, सगळं गेलंय ना?" हो किंवा नाही, एवढं उत्तर देता येतं. पण त्यावर पुढच्या पाच वर्षांचा हिशेब मांडता येत नाही. गुदाशयाच्या कॅन्सरच्या एकूण ३१०५ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. शेक (रेडिएशन) आणि केमोनंतर तुकड्यात कॅन्सरची एकही पेशी उरली नव्हती, अशांपैकी ८३ टक्के लोक पाच वर्षांनी रोगमुक्त होते. ज्यांच्यात काहीतरी उरलं होतं, त्यांच्यात हाच आकडा ६६ टक्के. म्हणजे 'सगळं गेलं' ही खात्री नव्हे आणि 'थोडं उरलं' ही शिक्षाही नव्हे.

अंदाज बांधायचा तर फाईलमधून तीन कागद काढा: शेक सुरू होण्याआधीचा एमआरआय, शेक-केमो संपल्यावरचा एमआरआय आणि ऑपरेशननंतरचा हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट. बाकीची चळत तूर्त बाजूला ठेवा.

पहिल्या एमआरआयवर 'टी' शोधा. गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली, ते हा आकडा सांगतो. टी१ म्हणजे अस्तराच्या लगेच खाली, टी२ म्हणजे स्नायूच्या थरात, टी३ म्हणजे स्नायू ओलांडून भोवतीच्या चरबीत, टी४ म्हणजे बाहेरच्या आवरणावर किंवा शेजारच्या अवयवात. हा आकडा पेन्सिलीने लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. त्याच कागदावर 'ईएमव्हीआय' असं काही दिसलं आणि पुढे पॉझिटिव्ह लिहिलेलं असेल, तर गाठ भिंतीबाहेरच्या शिरेत शिरली आहे. असा आजार यकृत-फुप्फुसाकडे जाण्याची भीती जास्त. डॉक्टर हे आपणहून सांगतीलच असं नाही, तेव्हा विचारा.

दुसऱ्या एमआरआयवर १ ते ५ अशी प्रत ('एमआरटीआरजी') दिलेली असू शकते. १ म्हणजे गाठीच्या जागी फक्त वण, ५ म्हणजे जवळपास काहीच फरक नाही. 'मर्क्युरी' या अभ्यासात १ ते ३ प्रतीच्या रुग्णांपैकी ७२ टक्के पाच वर्षांनी हयात होते; ४ आणि ५ प्रतीच्या रुग्णांमध्ये २७ टक्के. ऑपरेशनच्याही आधी मिळणारी खूण म्हणून ही मला फार मोलाची वाटते. रिपोर्टमध्ये ती नसेल तर रेडिओलॉजिस्टकडे मागायला संकोच करू नका.

आता माझा कागद. लोक थेट शेवटच्या 'इम्प्रेशन'कडे धावतात. तुम्ही आधी 'सीआरएम', म्हणजे तुकड्याची बाहेरची कड, शोधा. तुकडा हातात आला की मी त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागाला शाई लावते आणि मग पावासारखे आडवे काप घेते. गाठ आणि शाई यांतलं अंतर १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर कड पॉझिटिव्ह धरतात. ती पॉझिटिव्ह असेल तर रोग त्याच जागी परत येण्याचा धोका वाढतो, मग खालचे आकडे कितीही गोंडस असोत.

त्यानंतर 'टीआरजी', म्हणजे गाठ किती विरघळली याची प्रत. इथे हमखास घोटाळा होतो, कारण मोजपट्ट्या वेगवेगळ्या आहेत आणि उलटसुलट चालतात. मँडार्डच्या पद्धतीत १ सर्वांत चांगली, ५ वाईट. ड्वोराकच्या पद्धतीत ४ सर्वांत चांगली, ० वाईट. सुधारित रायन पद्धतीत ० चांगली, ३ वाईट. एका घरात 'ग्रेड ०' म्हणून पेढे आणि दुसऱ्या घरात 'ग्रेड ०' म्हणून रडारड, असं खरंच होऊ शकतं, आणि दोन्ही घरं बरोबर असू शकतात! पद्धतीचं नाव लिहिलेलं नसेल तर लॅबला विचारून लिहून घ्या. 'पेशीविरहित म्युसिन' (श्लेष्मासारखा चिकट पदार्थ) दिसलं तर घाबरू नका. म्युसिनमध्ये पेशी नसतील तर तो उरलेला कॅन्सर धरत नाहीत.

शेवटी 'वाय' अक्षराने सुरू होणारे टी आणि एन. 'वाय' म्हणजे हे मोजमाप उपचारानंतरचं आहे. एन० म्हणजे एकाही लिम्फ नोडमध्ये (लसिकाग्रंथीत) रोग नाही, एन१ म्हणजे एक ते तीन नोडमध्ये, एन२ म्हणजे चार किंवा जास्त.

एवढं हाताशी असलं की 'एनएआर' स्कोअर, म्हणजे पुढच्या अंदाजाचा एक आकडा, कागदावर काढता येतो. नंतरच्या एनच्या आकड्याला (०, १ किंवा २; नोडच्या संख्येला नव्हे) ५ ने गुणा. आधीच्या टीमधून नंतरचा टी वजा करा, उत्तराला ३ ने गुणा आणि ते पहिल्या आकड्यातून वजा करा. त्यात १२ मिळवा. आलेल्या संख्येचा वर्ग करून ९.६१ ने भागा. उत्तर ० ते १०० मध्ये येतं. ८ पेक्षा कमी म्हणजे चांगला गट, ८ ते १६ मधला, १६ च्या वर धोक्याचा. अमेरिकेतल्या 'आर-०४' चाचणीतल्या रुग्णांवर हा स्कोअर लावून पाहिला, तेव्हा पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण या तीन गटांत अनुक्रमे ९२, ८९ आणि ६८ टक्के होतं.

समजा, आधी टी३ होता, नंतर टी२ झाला आणि नोड सगळे स्वच्छ. ० वजा ३ अधिक १२, म्हणजे ९, वर्ग ८१, भागिले ९.६१, उत्तर ८.४३. मधला गट. आता याच माणसाच्या एका नोडमध्ये रोग सापडला असं धरा. ५ वजा ३ अधिक १२, म्हणजे १४; वर्ग १९६; उत्तर २०.४०. थेट धोक्याचा गट, एका नोडमुळे.

म्हणून स्कोअर काढण्याआधी किती नोड तपासले तो आकडा बघा. साधारण १२ तरी हवेत असा दंडक आहे. पण शेक दिल्यावर नोड आकसतात, काही तर मुगाच्या डाळीहून बारीक होतात, आणि ते पिवळ्या चरबीत बोटांनी चाचपून शोधावे लागतात. हे काम घाईत होत नाही. आठ-नऊच मिळाले तर लॅबने कामचुकारपणा केला असं लगेच समजू नका; शेकामुळे संख्या खरोखरच कमी होते. पण रिपोर्टवर चारच नोड तपासलेले असतील, तर "चरबी पुन्हा तपासता येईल का?" असं जरूर विचारा. तुकडा काही आठवडे फॉर्मॅलिनमध्ये जपून ठेवलेला असतो, त्यामुळे लवकर विचारा.

या स्कोअरवर माझा पूर्ण विश्वास नाही, आणि कारण तुम्हीच गणित करून पाहू शकता. टी२ चा टी२ राहिला आणि टी४ चा टी४ राहिला, नोड दोन्हीकडे स्वच्छ: उत्तर दोघांचं १४.९८. प्रत्यक्षात ही दोन माणसं सारखी नाहीत. टी४ ची गाठ पूर्ण विरघळली (नंतरचा टी ०) तर स्कोअर ०, टी२ ची पूर्ण विरघळली तर ३.७५, म्हणजे लहान गाठवाल्याचा स्कोअर वाईट! पहिल्या एमआरआयने टी२ ला चुकून टी३ म्हटलं असेल तर स्कोअर फुकटात सुधारतो. कड, शिरेतला शिरकाव, गाठीचा प्रकार यांतलं काहीच त्यात येत नाही. शिवाय तो बेतला आहे युरोपातल्या रुग्णांच्या माहितीवर. आपल्याकडे कमी वयाचे रुग्ण आणि 'सिग्नेट रिंग' हा आक्रमक प्रकार तिकडच्यापेक्षा जास्त दिसतो. तो शब्द बायोप्सीवर असेल तर चांगल्या स्कोअरवरही विसंबू नका. औषधांच्या चाचण्यांमध्ये गटांची तुलना करायला हा स्कोअर तयार झाला. ऑपरेशननंतर केमो द्यायची की नाही, हे त्यावरून घरी ठरवू नका.

आणखी एक चौकशी खरं तर उपचाराआधीच करायची: पहिल्या बायोप्सीवर 'एमएमआर' (पेशीतल्या डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा) तपासणी झाली का? ही दुरुस्ती-यंत्रणा बिघडलेल्या गाठी थोड्याच असतात, पण त्यांचा मार्गच वेगळा. न्यूयॉर्कमध्ये अशा पहिल्या १२ रुग्णांना फक्त इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती जागवणारं औषध) दिली आणि बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली, हे २०२२ साली प्रसिद्ध झालं.

शेक-केमोनंतर गाठ दिसेनाशी झाली म्हणून ऑपरेशनच केलं नाही, नुसती नजर ठेवली, तर माझा कागद नाही आणि एनएआरही नाही. ब्राझीलच्या अँजेलिता हाब्र-गामा यांनी रुळवलेली ही वाट. अशा ८८० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदींमध्ये दोन वर्षांत साधारण चौघांत एकाची गाठ पुन्हा वाढली, आणि त्यातल्या ९७ टक्के आतड्याच्या भिंतीतच होत्या, म्हणजे बहुतेक बोटाने किंवा दुर्बिणीने सापडणाऱ्या. त्यामुळे पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांची तपासणी चुकवायची नाही, आणि बाबा "आता काही त्रास नाही, बोट घालून तपासणी नको" म्हणाले तरी त्यांना घेऊन जायचं.